पांदणीचा घोडा: मिश्र जातीचं भरवशाचं जनावर कसं ओळखायचं अन् कसं घडवायचं

जुलै महिन्यात आमच्याकडच्या पांदणीत (वावराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत) मोटरसायकल घालून पहा एकदा. शंभर पावलं होत नाही तर काळी माती चाक अन् मडगार्डच्या मधात अशी घट्ट बसते की चाक फिरणंच बंद, मग काडीनं माती कोरत बसा, आणखी पन्नास पावलं जा, पुन्हा कोरा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं आमचं वावर आहे, गावापासून साडेपाच किलोमीटर, त्यातले तीन किलोमीटर निव्वळ पांदण, अन् गेली नऊ वर्षं पावसाळाभर मी तिथं भुऱ्यावर बसून जाऊन राहिलो. एकदाही अडकलो नाही.

भुऱ्या म्हणजे माझा घोडा. रस्त्यानं भेटणारा दर दुसरा माणूस विचारते, "भाऊ, जात कोणती याची?" तर जात कोणतीच नाही. माय गावठी तट्टू होती, बाप काठेवाडी नाहीतर मारवाडी रक्ताचा असावा, कानाची टोकं थोडी आत वळलेली आहेत त्यावरून म्हणतो. रंग मळकट भुरा, मान आखूड, डोकं अंगाच्या मानानं मोठं. फोटोत काहीच दिसत नाही तो. पण रोही (नीलगाय) आडवी गेली, ट्रॅक्टर मागून आला, धुऱ्यावरून (बांधावरून) रानडुक्कर उठलं, तरी तुमच्या बुडाखालून पळून जाणार नाही याची खात्री. असा घोडा कसा निवडायचा अन् कसा घडवायचा हे गेल्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच पोरांनी विचारलं, प्रत्येकाले फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी काम ठरवा

तुम्हाले नाचवायचा घोडा पाहिजे का पळवायचा का वावरात नेणारा? हे तीन वेगळे घोडे आहेत, एकात तिन्ही शोधाल तर पैसे जातील. पांदणीच्या घोड्याले तीन गोष्टी लागतात: पाय टिकाऊ, डोकं शांत अन् कदम चाल (साधं चालणं) लांब. बस. उंची तर मी उलट कमीच बरी म्हणतो. तेरा हात, साडेतेरा हात उंचीचं जनावर (घोड्याचा हात म्हणजे चार इंच, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात) आपल्याकडं सर्वात कामाचं, कारण बाभळीच्या फांद्या डोक्यावर असतात, दिवसातून दहा वेळा उतरावं-चढावं लागते, अन् चौदा-पंधरा हाताच्या घोड्यावर चिखलात रिकिबीत पाय टाकून चढणं म्हणजे कमरेची वाट.

पण बुटका घेतला तर वजनाचं पहावं लागते, इथं लोकं फार चुकतात. साधा हिशोब असा की माणूस अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जायला नको. आता गावात घोडा मोजायचा काटा कुठं आहे, तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागं जिथं तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून मागं ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, आलं वजन किलोत. भुऱ्याचा घेर १५५ अन् लांबी १४५ आहे, म्हणजे जवळपास २९३ किलो, त्याचे वीस टक्के ५८-५९ किलो. मी स्वतः ५२, खोगीर सहाचं. काठावर बसतो म्हणून मी त्याच्यावर खताची बॅग कधीच ठेवत नाही, ती बंडीतून जाते. तुम्ही ऐंशी किलोचे असाल तर तुमच्यासाठी मोठं जनावर पहा, नाहीतर त्याची पाठ दोन वर्षांत जाते.

मिश्र जातच का

शुद्ध मारवाडी-काठेवाडीले मी नावं ठेवत नाही, देखणी जनावरं असतात ती. पण गावठी तट्टू पिढ्यान्‌पिढ्या कडब्यावर, उन्हात, दगडात जगलेलं असते, त्याचं खूर दगडासारखं, पोट थोडक्यात भागते, अन् त्यात थोडं काठेवाडी-मारवाडी रक्त आलं की चालीत लांबी येते, अंगात थोडा जोम येतो. दख्खनचा घोडा असाच बनलेला, इथल्या तट्टांत अरबी-तुर्की रक्त मिसळून, अन् त्याच्यावर बसून मराठ्यांनी मुलूख पालथा घातला. आपल्याच नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात पार बंगालपर्यंत गेल्या, ती काही दिखाऊ जनावरं नव्हती. भीमथडी घोड्याची तर आता कुठं स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली, तोवर धनगरांनीच ती तट्टं सांभाळली, पाठीवर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या अन् वर एखादं पोट्टं बसलेलं. धनगराचा तांडा तुमच्या शिवारात बसला असेल तर जाऊन त्यांची तट्टं नुसती अर्धा तास पहा, न बांधता कशी उभी राहतात, लहान लेकरं पायातून कशी फिरतात. मला तर शिकायला तिथंच भेटलं.

कुठून घ्यायचा

यात्रा आहेत. नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरते, आपल्याले तीच जवळ. नंदुरबारकडं सारंगखेड्याले दत्तजयंतीले मोठा घोडेबाजार असतो तापीच्या काठावर. पहायला जरूर जा. पण पहिला घोडा तिथून घेऊ नका असं माझं म्हणणं आहे, अन् त्याचं कारण माझं गळ्याचं हाड.

भुऱ्याच्या आधी मी यात्रेतून एक पंचकल्याणी घेतला होता, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, लोकं थांबून पहायचे. बाजारात तो गाईसारखा उभा होता. व्यापाऱ्यानं लेकराले बसवून दाखवलं, मले वाटलं आपलं नशीब उघडलं. घरी आणला, दोन दिवस पोटभर पाणी-चारा झाला अन् तिसऱ्या दिवशी गावाबाहेर निघाला तर गोल फिरून घराकडं उधळला, मी पळसाच्या झुडपाजवळ खाली, हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. मागून एका जुन्या माणसानं सांगितलं की बाजारात न्यायच्या आधी जनावर थकवतात, पाणी तोडतात, काही जण औषधही टोचतात. दमलेलं जनावर अन् शांत जनावर बाजाराच्या गर्दीत सारखंच दिसते, तो फरक त्याच्या घरीच कळते.

म्हणून ज्याच्या दावणीले आहे त्याच्या घरून घ्या. आपल्याकडं वरातीचे घोडेवाले तालुक्याच्या गावी असतातच, पावसाळ्यात लग्नं बंद झाली की चाऱ्याचा खर्च अंगावर येते तेव्हा एखादं जनावर ते काढतात. वरातीच्या घोड्याचा फायदा मोठा आहे, बँड, डीजे, फटाके, ट्रॅफिक, अंगावर रंगीत झूल, सगळं त्यानं पाहिलेलं असते. तोटा एकच, बऱ्याच जणांच्या तोंडात काटेरी लगाम घालून तोंड बधिर करून ठेवलेलं असते (त्याच्यावर कायद्यानं बंदी आहे, तरी वापरतात). तोंड उघडून पहा, जिभेवर जुने व्रण असतील अन् लगाम हातात घेताच डोकं वर फेकत असेल तर तो सुधारते पण वर्ष लागते.

आणखी एक. भोवरे, म्हणजे अंगावर केस गोल फिरलेले असतात ते. आपल्याकडं गळ्याले देवमन नावाचा भोवरा असला तर भाव वाढते अन् डोळ्याखाली आसूढाळ नावाचा असला तर घोडा कोणी दारात बांधत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण भोवऱ्याचा पायाशी अन् स्वभावाशी संबंध नाही, अन् पांदणीचा घोडा शोधणाऱ्यासाठी ही संधी आहे, कारण चांगली चांगली जनावरं नुसत्या भोवऱ्यापायी अर्ध्या किमतीत निघतात. भुऱ्याले डाव्या डोळ्याखाली आसूढाळ आहे. म्हणूनच तो वरातीच्या कामातून काढला होता, नवरदेवाकडचे लोकं तक्रार करायचे. मले बावीस हजारात पडला.

कसा पहायचा

सकाळी जा, अन् सांगून जाऊ नका. फोन करून गेलात तर खरारा झालेला, फिरवून आणलेला, सजवलेला घोडा दिसते. न सांगता गेलात तर कोठ्यातला खरा घोडा दिसते. बांधलेला असताना काय करून राहिला ते पहा. डोलत असेल डावीकडून उजवीकडं एकसारखा, लाकूड चावून हवा ओढत असेल, जवळ गेल्यावर कान मागं टाकून बूड फिरवत असेल, तर चहा घेऊन परत या. तुमच्याकडं मान वळवून, एक कान तुमच्यावर ठेवून चावत राहिला तर पुढं बोला.

भुऱ्याले मी पहायला गेलो तेव्हा तो टिनाच्या शेडमध्ये बांधला होता अन् शेडवर सोयाबीनच्या कुटारावर झाकायचा निळा मेणकापड फाटून लोंबत होता. वारा आला की तो फटफट वाजायचा. बाजूची घोडी प्रत्येक वेळी दचकून दोर ताणायची. भुऱ्यानं मात्र एकदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, नाकानं फुर्र केलं, अन् पुन्हा तोंड कडब्यात घातलं. पुढच्या वेळी नुसता कान हलवला, त्याच्या पुढच्या वेळी कानही नाही. मी तिथंच ठरवलं जवळपास. बुजत नाही असा घोडा जगात नसते, तो शिकार होणारा प्राणी आहे, बुजणं त्याच्या रक्तात आहे. तुम्हाले पहायचं आहे ते बुजल्यावर तो काय करते. जो घोडा दचकते, थांबते, पाहते अन् मग विसरते, तो घ्या. जो दचकून आधी पळते, त्याले चांगलं म्हणणारे खूप भेटतील, तुम्ही घेऊ नका.

मग चारी पाय उचलून पहा. मालकाले नका सांगू, स्वतः उचला. नऊ-दहा सेकंद पाय हातात शांत राहिला पाहिजे. खुराच्या तळव्यात मधात तो इंग्रजी व्ही सारखा रबरी भाग असते, तिथं वास येत असेल, काळा चिकट पू असेल तर तो सडा आहे, बरा होते पण मालक जनावराले कसं ठेवते ते त्यातून कळते. पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूनं बोटं दाबत न्या, कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली तर पाठ दुखते. खांद्याच्या उंचवट्यावर पांढरे केस म्हणजे तिथं पूर्वी खोगिरानं जखम झाली होती. दात पहा: पाच वर्षांत पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात, अन् दहाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच सुरू होते, ती पंधराले अर्ध्यापर्यंत अन् विसाले खालपर्यंत जाते. मी तर आठ ते बारा वर्षांचं जनावर घ्या म्हणेन पहिल्यांदा घेणाऱ्याले. तीन वर्षांचं शिंगरू स्वस्त भेटते, पण शिंगरू कच्चं, मालकही कच्चा, यात दोघंही बिघडतात.

आता सिमेंट रोडवर कदमानं अन् दुडकीनं (हलक्या धावेनं) नेऊन पहा, सरळ, दोर ढिला ठेवून. डोकं प्रत्येक पावलाले वर-खाली होत असेल तर पुढचा एक पाय दुखते, दुखरा पाय टेकताना डोकं वर जाते. हे कान लावून ऐकाही, चार टापांचा ताल सारखा पाहिजे.

बसून पहायचं ते शेवटी, अन् मालकाले आधी बसू द्या. तो बसायला कां-कूं करत असेल तर तुम्हीही नका बसू. तुम्ही बसाल तेव्हा तीनच गोष्टी करा. एक, चढताना तो उभा राहते का. दोन, बाकी घोड्यांना सोडून एकटा घरापासून दूर अर्धा किलोमीटर जाते का, कारण कळपातून वेगळं होणं हेच घोड्यासाठी सर्वात अवघड, अन् आपल्याले तर रोज एकटंच जायचं आहे. तीन, परत येताना घर दिसल्यावर लगाम ढिला सोडला तरी कदमातच राहते का. माझा पंचकल्याणी या तिसऱ्यातच नापास झाला असता, मी पाहिलंच नव्हतं.

घोडा नर असेल तर खच्ची केलेला पहा. भुऱ्या खच्ची आहे. आपल्याकडं लोकांना त्यात कमीपणा वाटते, पण वाटेत घोडी दिसली की ज्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही त्याच्यावर बसून ओढे ओलांडायचे नसतात. घोडी घेतली तरी चालते, मस्तीच्या दिवसांत थोडी चिडचिड करते, तेवढंच.

पैसे द्यायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, यात कोणाचीच भीड नको. हा जिवाणूंचा रोग आहे, माणसाले होते, त्यावर जनावराले उपचार नाही, अन् तपासणीत पक्का निघाला तर २००९ च्या पशुरोग कायद्याप्रमाणे जनावर मारून पुरावं लागते. नाकातून चिकट पिवळा शेंबूड अन् पायाच्या आतल्या बाजूले गाठी-फोड दिसले तर हातही लावू नका.

घरी आणल्यावर

पहिले दहा दिवस बसूच नका. जुन्या मालकाकडून चार दिवसांचा चारा सोबत आणा अन् तुमचा चारा त्यात हळूहळू वाढवत न्या, आठ-दहा दिवस लावा, एकदम बदलला की पोटशूळ. घोड्याले उलटी करता येत नाही, पोटात काही बिघडलं तर बाहेर निघायचा वरचा रस्ताच बंद आहे, म्हणून पुढच्या पायानं माती उकरणं, वळून वळून पोटाकडं पाहणं, लोळणं, लीद न टाकणं असं काही दिसलं की चारा काढा अन् रात्री दोन वाजता असलं तरी डॉक्टरले फोन लावा.

या दहा दिवसांत दोर हातात धरून पायी न्या त्याले, पांदणीनं, नाल्यातून, देवळामागून, गिरणीसमोरून. तुम्ही पुढं, तो खांद्याशी. हे फार कामाचं आहे, कारण प्रत्येक भीतीदायक गोष्टीजवळून आधी तुम्ही जाता अन् तुम्हाले काही होत नाही हे तो पाहून राहिला असते. शेगावच्या गजानन महाराजांची गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे, टाकळीकर बुवांचा तो द्वाड घोडा, लाथा मारणारा, अन् महाराज त्याच्या चार पायांत जाऊन झोपले तर तो शांत झाला. ते महाराजांचं काम. आपल्याले त्याच्या जागी रोज अर्धा तास अन् दोन-तीन महिने द्यावे लागतात, पण होते.

बुजला तर मारू नका. घोड्याले वाटते की त्या पांढऱ्या पोत्यानंच मारलं, मग पोतं दिसलं की तो दुप्पट बुजते. थांबवा, तोंड त्या वस्तूकडं राहू द्या, लगाम ढिला करा, तुम्ही श्वास सोडा मोठ्यानं, अन् वाट पहा. तो मान खाली घालेल, फुरफुरेल, ओठ चाटेल, तेव्हा एक पाऊल पुढं मागा. एकच. दिलं की मानेवर हात फिरवा. भुऱ्याले ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची भीती होती, ते खडखड वाजते ना, तर मी आठवडाभर त्याले शेजाऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर, पेरणी चालू असताना, तोबरा (तोंडाले बांधायची दाण्याची पिशवी) लावून उभा ठेवला. हरभरा खात खात तो ऐकत राहिला. आता ट्रॅक्टर दिसला की तोबऱ्याची आठवण येऊन उलट त्याच्याकडंच जाते.

अडणं अन् सांगणं

हे नीट वाचा, यासाठीच मी लिहायला बसलो खरं तर.

आपण ज्या माणसावर चिडतो त्याले अडेलतट्टू म्हणतो. तट्टू अडते हे खरं आहे, पण ते दोन तऱ्हेनं अडते अन् दोन्हीची खूण वेगळी आहे. कंटाळ्यानं किंवा घरच्या ओढीनं अडलेला घोडा कान मागं टाकते, मान आखडते, बूड घराकडं वळवते, शेपटी झटकते. त्याले पुढं हाकलायलाच पाहिजे, नाहीतर ते रोजचं होते. पण दुसरा प्रकार असा की चालता चालता चारी पाय रोवते, दोन्ही कान पुढं, अगदी काडीसारखे, मान उंच नाहीतर एकदम खाली, नाकपुड्या मोठ्या, श्वास रोखलेला, अन् नजर एका जागी. तेव्हा तो तुमची आज्ञा मोडत नाही, तो काहीतरी सांगून राहिला असते.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीचे दिवस, अंधार पडता पडता मी वावरातून निघालो. धुऱ्याच्या वळणावर भुऱ्या असाच थांबला. मले घाई होती. मी टाच मारली, नाही. पुन्हा मारली. तो एक पाऊल आडवा सरकला अन् पुन्हा तसाच, कान पुढं. मी खाली उतरलो, मोबाईलचा टॉर्च लावला तर त्याच्या टोंगळ्यापासून (गुडघ्यापासून) हातभर अंतरावर, बरोबर टोंगळ्याच्याच उंचीवर तार. शेजारच्या वावरातल्या झटका मशीनची (जनावरं अडवायले कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडते ती), खुंटा पडला होता अन् तार वाटेवर आडवी आली होती. मशीन टिकटिक वाजत होती, मले ऐकू आली ती टॉर्च लावल्यावर, त्याले आधीच आली असेल. त्या तारेच्या झटक्यानं घोडा मरत नाही म्हणतात, पण अंधारात झटका बसून उधळलेल्या घोड्यावर मी बसलेलो असतो. अन् आपल्याकडं डुकरासाठी लोकं थेट लाईनचा करंटही सोडतात तारेत, ते तर कोणी सांगून सोडत नाही.

मी त्याले मारलेल्या त्या दोन टाचा मले अजून आठवतात. तेव्हापासून नियम केला: कान पुढं ठेवून थांबला तर उतरून पाहायचं, दहापैकी नऊ वेळा काही नसते, घोरपड असते, नाहीतर कोणाची छत्री विसरलेली असते, तरी उतरायचं. यानं तो बिघडत नाही. उलट तुम्ही पाहून आलात अन् म्हणालात चल, तर तो निघते.

चारा-पाणी, थोडक्यात

तीनशे किलोच्या जनावराले रोज साधारण सहा किलो सुका चारा. कडबा चालते, धूळ झटकून, बुरशी लागलेला अजिबात नाही. गहू-हरभऱ्याचं कुटार थोडं चालते, नुसत्या कुटारावर मात्र ठेवू नका, आतड्यात बसते. हिरवी ज्वारी घोड्याले नको, कोवळ्या फुटव्यात विष असते हे बैलवाल्यांना माहीत आहेच, पण घोडा बरेच दिवस हिरव्या ज्वारीवर राहिला तर लघवीचा त्रास होते अन् मागचं अंग लुळं पडू शकते. हरभरा भिजवून, दिवसाले किलोभर, दोन वेळा वाटून, ते पण काम असेल तेव्हाच. सरकीची ढेप बैलांसाठी ठेवा. चोकर (गव्हाचा कोंडा) रोज घमेलंभर देणारे आहेत, त्यानं हाडातला चुना कमी होते, मूठभर पुरे. मीठ अर्धी मूठ रोज, घाम आला त्या दिवशी जास्त. पाणी पंचवीस-तीस लिटर, मे महिन्यात चाळीसच्या वर जाते, अन् ते सावलीतलं पाहिजे.

फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावर चरायला सोडू नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली हे विसरायसारखं नाही, तेच औषध गवतावर पडते.

ऊन पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा सकाळी नऊच्या आत काम आटोपा. तापून आलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये असं जुने लोकं सांगतात, ते बरोबर नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी उष्णतेत घोड्यांना थंड कसं करायचं याचा बराच अभ्यास झाला अन् त्यातून भरपूर गार पाणी सगळ्या अंगावर ओतत राहणं हेच सर्वात चांगलं ठरलं. मी मोटर चालू करून पाईपच धरतो. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांकडंही पहा, हातभर खोल असतात, घोड्याचा पाय गेला तर मोडतो, म्हणून मे महिन्यात वावरातून आडवं न जाता वाटेनंच जा.

पाय अन् खोगीर

दीड-दोन महिन्यांनी नालबंद पाहिजेच, नाल असो नसो खूर तासावा लागते. आमच्याकडं येणारे नालबंद चाचा म्हणतात भुऱ्याले नालीची गरजच नाही, अन् मी पावसाळाभर बिननालीचाच ठेवतो, चिखलात पकडही बरी राहते. डांबरी रोडचं काम असेल तर मात्र नाल ठोका. रोज संध्याकाळी चारी खूर कोरून काढा, बाभळीचा काटा, गोखरू, खडा. कोठ्यात खाली कोरडं पाहिजे, मी पावसाळ्यात मुरूम टाकतो, लिदीच्या चिखलात उभं राहिलं की खूर सडलंच.

खोगीर ठेवल्यावर त्याच्या अन् मणक्याच्या मधात उजेड दिसला पाहिजे, आरपार, तुम्ही बसलेले असतानासुद्धा. नसेल दिसत तर ते खोगीर कितीही महाग असो, विकून टाका. खाली घोंगडीची घडी, सुती पोतं नाही, पोतं गोळा होते.

पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात अन् त्यांच्यापासून सर्रा नावाचा रोग होते. ताप येते-जाते, पायाले अन् पोटाखाली सूज, खाऊन-पिऊन जनावर वाळत जाते. रक्त तपासलं की कळते, औषध आहे, उशीर नको. अन् धनुर्वाताची लस, पहिल्या वर्षी महिना-दीड महिन्याच्या अंतरानं दोनदा, मग दर वर्षी. घोड्याइतका धनुर्वात कोणत्याच जनावराले लागत नाही अन् आपल्या वावरात काटे-तारा जागोजागी.

घरी येताना

शेवटचा किलोमीटर नेहमी कदमानं. गाव दिसलं की मी उतरतो, तंग दोन भोकं ढिला करतो अन् लगाम मानेवर टाकून त्याच्या बाजूनं पायी चालतो. घरी पोचल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून ठोके मोजा, एरवी मिनिटाले अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात, दहा-पंधरा मिनिटांत साठ-चौसष्टच्या खाली आले तर काम त्याच्या झेपेएवढं झालं. नाही आले तर उद्या सुट्टी. मग पुढच्या दोन पायांच्या मधात छातीले हात लावून पहा, तिथं गार झालं असेल तर खाऊ घाला.

भुऱ्या तोवर खांद्यावर हनुवटी टेकवून उभा असते, वजन टाकते पूर्ण, अन् माझ्या शर्टाच्या खिशात नाक घालते, कारण तिथं रोज चार दाणे हरभऱ्याचे असतात.